क्वार्ट्झसाइटच्या आरव्ही शोला जायचं तर टेप घेऊन जा

शिरोलीत नाहीतर उद्यमनगरात गाडीची बॉडी बांधून घ्यायची, मागं पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवायची आणि घरच्यांसकट निघायचं, अशी हौस असणारे कोल्हापुरात बरेच आहेत. त्यात लेक-जावई किंवा मुलगा-सून फिनिक्स वा लॉस एंजेलिसकडे असतील, तर तिकडची फेरी जानेवारीत बसवा. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट हे गाव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. तिथं जानेवारीच्या उत्तरार्धात नऊ दिवस राहायच्या गाड्यांचा, म्हणजे आरव्हींचा शो भरतो. मधे सत्तर हजार चौरस फुटांच्या आसपासचा एकच मोठा तंबू, बाहेर विक्रीच्या गाड्यांच्या रांगा. प्रवेश आणि पार्किंग दोन्ही फुकट, त्यामुळं गर्दी जोतिबाच्या चैत्र यात्रेसारखी.

तिथली गाडी इकडे आणता येत नाही आणि आणून उपयोगही नाही. जायचं ते बघायला आणि मापं घ्यायला. पाच मीटरचा टेप घ्या, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला मिलिमीटर असलेला. वही-पेन घ्या. नुसते फोटो काढले तर घरी आल्यावर कुठलं माप कुठल्या गाडीचं हे कळत नाही.

दिवस आणि रस्ता

पहिला शनिवार-रविवार टाळा. काही वर्षी त्यालाच जोडून मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सोमवारची सुट्टी येते, तेव्हा तर हायवेवरच रांग लागते. मंगळवार ते गुरुवार उत्तम. शेवटच्या रविवारी भाव उतरतात हे खरं, पण दुपारनंतर आवराआवर चालू होते आणि माहिती द्यायला कुणाला सवड नसते.

फिनिक्सहून आय-१० हायवेनं पश्चिमेला २०० किलोमीटर, दोन तास. गावात उतरायला आधी एक्झिट १९ येतो, मग १७. १७ वर ट्रकवाल्यांचे पंप आणि यूएस-९५ चा फाटा आहे, म्हणून तिथं जास्त तुंबतं. लॉस एंजेलिसहून येणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष द्यावं. जानेवारीत कॅलिफोर्निया ॲरिझोनाच्या एक तास मागं असतं, म्हणजे येताना एक तास हातचा जातो. कोलोरॅडो नदीच्या आसपास मोबाइलचं घड्याळ मधेच उडी मारतं, त्यामुळं भेटायची वेळ ठरवताना 'ॲरिझोनाची वेळ' असं स्पष्ट बोला. परत कॅलिफोर्नियात शिरताना ब्लाइथजवळ शेतमालाची तपासणी चौकी आहे. लिंबं, संत्री आणि कढीपत्ता तिथं काढून घेतात, तेव्हा आधीच संपवा.

गाडी स्वतः चालवायची असेल तर निघण्यापूर्वी कोल्हापूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही जवळ हवंच.

मुक्काम: पाणी, बॅटरी, मैला

गावाभोवतीची बरीचशी जमीन सरकारी आहे. काही पट्ट्यांत १४ दिवस फुकट राहता येतं, पण तिथं नळ नाही, संडास नाही, काही नाही. दक्षिणेला ला पोसा हा मोठा तळ आहे. तो १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल चालतो, पैसे भरून परवाना घ्यावा लागतो, आणि पाणी भरायची व टाक्या रिकाम्या करायची सोय तिथं आहे. पहिल्यांदाच भाड्याची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी पैसे भरून ला पोसालाच राहावं, फुकटच्या नादी लागू नये.

दिवसा हवा छान, २० अंशांच्या आसपास. रात्री मात्र पारा ५ अंशांपर्यंत उतरतो, आणि बहुतेकांची फजिती होते ती इथंच. गाडीतला हीटर गॅसवर चालतो, पण गरम हवा ढकलणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर. तो ७-८ अँपिअर ओढतो. दहा तासांत निम्मा वेळ जरी चालला तरी ४० अँपिअर-तास गेले. शंभर अँपिअर-तासांची साधी लेड बॅटरी असेल तर त्यातले पन्नासच वापरायचे असतात. वर दिवे, पाण्याचा पंप. पहाटे चारला बॅटरी बसते आणि गॅस भरलेला असूनही हीटर बंद पडतो. यावर उपाय एकच: रात्री दहाच्या आत दोन तास जनरेटर चालवून बॅटरी भरून घ्या. ला पोसात रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते, तेव्हा जनरेटर लावता येत नाही. आणखी एक खोच आहे. मोटरहोममध्ये जनरेटरची नळी इंधनाच्या टाकीत पाव पातळीच्या वरच थांबवलेली असते, तुम्ही वाळवंटात अडकू नये म्हणून. टाकी पावच्या खाली गेली की जनरेटर फुरफुरून बंद होतो. लोक मेकॅनिक शोधत बसतात, हवं असतं फक्त पेट्रोल.

पाण्याची टाकी ४० गॅलनची असेल तर साधारण १५० लिटर झाले. शॉवर सोडून उभं राहिलात तर दोघांत दोन दिवसांत संपेल. बादली-तांब्या वापरलात तर चार दिवस जातं. मात्र संडासात पाणी वाचवू नका. कमी पाणी टाकलं की मैला संडासाच्या नळीखालीच साचून टणक होतो आणि टाकी रिकामी होत नाही. रिकाम्या करताना आधी मैल्याची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे पाईप आपोआप धुतला जातो. उलट केलंत की पाईप तसाच घाण घेऊन गाडीत ठेवावा लागतो. रविवारी या जागेवर लांब रांग असते, शुक्रवारीच उरकून घ्या.

स्वयंपाक करणार असाल तर वरचा पंखा आधी सुरू करा, फोडणी नंतर. मिरचीचा खाट सुटला की धुराचा अलार्म केकाटायला लागतो. निदान पहिल्या दिवशी दशम्या, शेंगदाण्याची चटणी यावरच भागवावं.

तंबूत आणि बाहेर

दार सकाळी नऊला उघडतं. साडेअकरानंतर बोळांतून पाय सरकत नाही. आत शिरलात की थेट शेवटच्या टोकाला जा आणि तिथून उलटं या, बाकीची सगळी गर्दी दारापासून सुरुवात करते. मोबाइलचं नेटवर्क दुपारी गळपटतं, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. चुकामूक झाली तर कुठं आणि किती वाजता भेटायचं हे तोंडी ठरवा. पार्किंगच्या मातीत सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात, तेव्हा उतरल्यावर लगेच ठिकाण फोनमध्ये खूण करून ठेवा. सोडतीचे फॉर्म भरून घेणारे जागोजागी भेटतील. त्यावर लेकीचा फोन नंबर लिहू नका, तिला महिनोन्‌महिने विक्रीचे फोन येतील.

दुपारी लोक जेवायला गेले की बाहेरच्या गाड्या बघा. पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती दाराची. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून चढायचं दार उजव्या अंगाला आणि सांडपाण्याचं तोंड डाव्या. आपल्याकडे दार डावीकडे हवं. त्यामुळं आवडलेला आराखडा वहीत आरशात दिसतो तसा उलटा काढा, आणि तो तिथंच काढा. घरी येऊन उलटवताना ओटा, गॅसची नळी, टाकी यांची जागा हमखास चुकते.

दुसरं, दाराजवळचं वजनाचं लेबल वाचा. माणसं आणि सामान मिळून गाडी किती भार घेऊ शकते ते किलो आणि पौंडात लिहिलेलं असतं, शिवाय पाण्याची टाकी भरली की किती वजन होतं तेही. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, ते वजा करून उरतं ते तुमचं. आतून महालासारख्या दिसणाऱ्या काही गाड्यांत चार माणसं बसली की सामानाला काहीच उरत नाही. आपल्याकडचं जड प्लायवूड वापरताना हाच हिशेब उलटतो. मग बघा पाण्याची टाकी एक्सलच्या किती जवळ ठेवलीय, ओट्याची उंची किती, पलंगाखालचा कप्पा बाहेरून उघडतो का.

काय आणावं, काय आणू नये

११० व्होल्टच्या वस्तू, म्हणजे छतावरचा एसी, मायक्रोवेव्ह, सोडून द्या. १२ व्होल्टचं सगळं आपल्याकडे जसंच्या तसं चालतं. सगळ्यात फायद्याचा छतावरचा पंखा. त्याला १४ इंच चौकोन, म्हणजे ३५५ मिलिमीटरचं भोक लागतं. ट्रॅव्हलरच्या छताला उंचसखल पट्ट्या असतात, म्हणून खाली सपाट चौकट बसवून ब्युटाइल टेपनं सील करायची, नाहीतर पहिल्याच पावसात गळणार.

नळाच्या फिटिंगची गंमत वेगळी. अमेरिकेतले आटे एनपीटी, आपले बीएसपी. अर्धा इंचात दोन्हीला इंचामागं १४ आटे, त्यामुळं निपल सुरुवातीला गुमान आत जातं. पण आट्याचा कोन तिकडे ६० अंश आणि आपल्याकडे ५५, म्हणून पुढं अडकतं. टेफलॉन गुंडाळून दाबून बसवलं तर उभ्या गाडीत टिकतं आणि आंबा घाटाच्या खड्ड्यांत गळायला लागतं. पंप घेताना रबरी नळी क्लिपनं बसणारं फिटिंग मागा, किंवा उद्यमनगरातल्या टर्नरकडून पितळी ॲडॉप्टर कातून घ्या.

लिथियम बॅटरी स्वस्त दिसली तरी घेऊ नका. विमानात सुटी बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंत सहज चालते आणि एअरलाइननं परवानगी दिली तर १६० पर्यंत. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी १२८० वॉट-तासांची होते, ती विमानतळावरच राहील. गॅसची शेगडी आणि रेग्युलेटरही नको, तिकडे प्रोपेन आणि आपल्याकडे मिश्र एलपीजी, जेटचं माप जुळत नाही. इकडे बांधकाम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी आणि कॅराव्हॅनसाठीचं, म्हणजे राहायच्या गाडीसाठीचं, एआयएस-१२४ मानक बघून घ्या. तिकडच्या गाडीवरचं प्रमाणपत्राचं स्टिकर इथं कुणी विचारत नाही.

जाता जाता धुळीबद्दल. ॲरिझोनाच्या मातीत व्हॅली फीव्हरची बुरशी असते, वारं सुटलं की ती श्वासातून आत जाते. एन-९५ मास्क खिशात ठेवा आणि वारा असेल त्या दिवशी लावाच. एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, थकवा आला आणि उतरेना, तर डॉक्टरांना ॲरिझोनाला जाऊन आल्याचं आपणहून सांगा. लक्षणं टीबीसारखी दिसतात आणि आपल्याकडे हा आजार सहसा कुणाच्या मनात येत नाही.