बादलीतले टमाटर

दारात बादल्या मांडून टमाटर लावायला घेतले की शेजारपाजारचा प्रश्न ठरलेला असतो: "काकू, एवढं वावर आहे तुमचं, अन् बादलीत कायले?" वावरातल्या चार झाडांकडं रोज कोण बघतं? शिवाय बाजूला कपाशी असली की पांढरी माशी तिथून टमाटरावर यायला वेळ लागत नाही. दारातल्या झाडावर येता-जाता नजर पडते. फक्त वावराच्या सवयी बादलीत चालत नाहीत, नवखी माणसं तिथंच फसतात.

पहिली सवय मातीची. आपली काळी माती वावरात सोनं असेल, बादलीत मात्र पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते आणि मुळं तुटतात. एक घमेलं काळी माती, एक घमेलं रेती, एक घमेलं जुनं शेणखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत काळं, भुसभुशीत आणि वास न येणारं हवं. ताजं शेण मुळं जाळतं. खत चाळून घ्या, कारण त्यात पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली हुमणी सापडते. ती बादलीत गेली तर आतून मुळं खाते आणि झाड का सुकतंय ते कळतही नाही. आमच्याकडं अशा अळ्या कोंबड्यांपुढं जातात. तयार माती ओलसर करून मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर जमलं. चिकटून राहिला तर आणखी रेती घाला.

एका झाडाला १५ ते २० लिटरचं भांडं लागतं. रंगाची रिकामी बादली किंवा तेलाचा पिपा चांगला. पिपा उन्हात तापतो, त्याला बाहेरून पोतं गुंडाळा. तापलेल्या खिळ्यानं बुडाला पाच-सहा भोकं पाडा आणि बादली दोन विटांवर ठेवा, नाहीतर भोकं जमिनीला टेकून बुजतात. फवारणीच्या औषधाचा डबा मात्र कितीही धुतला तरी वापरायचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, आपल्या भागात हे वेगळं सांगायला नको.

बी पोळ्याच्या आसपास टाका. पुसा रुबी, अर्का विकास ही सरळ वाणं, त्यांचं बी पुढच्या वर्षी धरता येतं. अर्का रक्षक हे संकरित वाण रोगाला जास्त टिकतं, पण त्याचं बी धरून उपयोग नाही. रोपाच्या ट्रेवर मच्छरदाणीचा बारीक जाळीचा तुकडा टाका, कारण पांढरी माशी कोवळ्या रोपालाच आधी गाठते. साधारण महिन्यानं, दसऱ्याच्या सुमारास, रोप बादलीत लावा. खालची पानं खुडून खोड अर्ध्यापर्यंत मातीत गाडा. गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात आणि झाड पक्कं बसतं. लावणी संध्याकाळी करा, पहिले तीन-चार दिवस सावली द्या, मग निदान सहा तास ऊन.

पाणी ही दुसरी सवय. वावरात एकदा ओलीत केलं की आठवडा निघतो. बादलीत बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी आणि बुडाशी, पानांवर नाही. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी धो-धो असं झालं की फळाच्या बुडाला काळा, चपटा डाग पडतो. तो रोग नसतो. पाण्याच्या हिसक्यानं फळापर्यंत चुना पोचत नाही म्हणून होतो, औषध मारून जात नाही. मातीवर सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, दोन बोटं पसरा, ओल टिकते.

युरियाला हात लावू नका. झाड हिरवंगार माजेल आणि फूल येणार नाही. फुलं दिसली की पंधरवड्याला मूठभर गांडूळखत पुरे. आधाराला तुराट्या चालतात, पण उंच वाढणाऱ्या वाणाला पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडाची) जाड काडी किंवा बांबू लावा. सुतळी सैल बांधा. फुलं आल्यावर सकाळी दहाच्या सुमारास काडीला दोन टिचक्या मारा, परागकण झडून फळ धरतं.

पानं वरच्या बाजूला वळून बारीक आणि पिवळी पडू लागली की बोकड्या आला समजा. झाड उपटून जाळा, जीव अडकवू नका, नाहीतर माशी बाकीच्या झाडांना तो रोग देते. आधीपासून दर आठवड्याला निंबोळी अर्क मारा: ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून. तणनाशक मारलेला वावरातला पंप यासाठी आणू नका. पंपात राहिलेल्या थेंबांनीही टमाटराची पानं वाकडी होतात, आणि आपण बोकड्या समजून बसतो.

फळावर गुलाबी झाक आली की तोडून टोपल्यात पिकवा, वानरांना फार वाट बघायची सवय नाही. फेब्रुवारी सरता सरता पारा ३५ च्या वर गेला की फुलं गळतात. हिरवी जाळी बांधून थोडे दिवस वाढतील, पण ४५ च्या उन्हात टमाटर जगवत बसायला पाणी घालू नये. झाड काढा, माती उपसून उन्हात पसरा. त्याच मातीत लगेच वांगं किंवा मिरची लावू नका, ती टमाटराच्याच कुळातली. पावसाळ्यात सांबार (कोथिंबीर) किंवा पालक टाका.