ऑल-माउंटन स्की: दोन जोड्यांची तुलना कशी करावी

गुलमर्गला गोंडोलाच्या (रोपवेच्या) खालच्या टप्प्यावर बहुतेक वेळा दाबलेला, सरावाचा बर्फ असतो. वरच्या टप्प्यावर, अफरवट शिखराच्या अंगाला, सुमारे 3,900 मीटरवर खोल, भुसभुशीत बर्फ लागतो. एकच जोडी दोन्हीकडे चालावी म्हणून ऑल-माउंटन स्की असतात. पण यातली कुठलीच जोडी सगळीकडे सारखी चांगली चालत नाही, म्हणून आधी स्वतःचा हिशेब मांडा: दहा उतरणींपैकी किती दाबलेल्या बर्फावर होतात? उत्तर मागच्या सहलीवरून द्या, मनातल्या स्वप्नावरून नको.

आता स्कीवर छापलेले तीन आकडे वाचा. 128-86-112 म्हणजे टोक, मध्य आणि शेपटाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. तुलनेला मधला आकडा धरा. सात-आठ उतरणी दाबलेल्या बर्फावर असतील तर 78 ते 88, निम्मे-निम्मे असेल तर 88 ते 98, आणि बहुतेक मोकळा बर्फ असेल तर त्याहून रुंद. रुंद स्की मऊ बर्फावर तरंगते. मात्र तिची कड बुटापासून लांब पडते, त्यामुळे कडक बर्फावर ती कलती करायला वेळ लागतो आणि गुडघ्यावर ताण येतो. नवशिक्याने 100 ची जोडी घेतली की नेमकं हेच होतं, आणि दोष तो स्वतःच्या पायांना देतो.

वळणाची त्रिज्याही तिथेच छापलेली असते. 13-15 मीटरची स्की छोटी वळणं पटकन घेते, 18 च्या पुढची वेगात स्थिर राहते.

मग दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा आणि बाजूने बघा. मध्यभागी फट दिसते तो कॅम्बर; कडक बर्फावरची पकड त्याच्यामुळे येते. टोकाकडे दोन्ही स्की जिथून एकमेकींपासून दूर जायला लागतात तिथून रॉकर सुरू होतो. जिचा रॉकर लांब, तिची कमी कड बर्फाला टेकते. म्हणून अशी जोडी नेहमीपेक्षा सुमारे 5 सेंटिमीटर लांब घेतली तरी चालते.

लांबी ठरवताना नवशिक्याने हनुवटी ते नाक, मध्यम तयारीच्याने नाक ते कपाळ आणि तरबेज माणसाने डोक्याएवढी हे माप धरावं. पण स्कीला वाकवतं ते तुमचं वजन. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर त्या मापातली आखूड आणि मऊ जोडी घ्या. टायटॅनल या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे घातलेली स्की वेगात थरथरत नाही, पण सावकाश जाणाऱ्याला ती वाकतच नाही आणि वळण अर्धवट राहतं.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, वेगळं घेणार असाल तर त्याच्या ब्रेकची (बूट सुटल्यावर स्कीला थांबवणाऱ्या दोन दांड्यांची) रुंदी स्कीच्या मधल्या आकड्याएवढी किंवा फार तर 10-15 मिलिमीटरने जास्त हवी. बुटाचा तळ बाइंडिंगला चालतो का, तेही विचारा. ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा पडणारा वक्र तळ, प्रत्येक जुन्या बाइंडिंगमध्ये चालत नाही. डिनचा आकडा, म्हणजे किती जोर आल्यावर बाइंडिंगने बूट सोडायचा त्याचं माप, वजन, उंची, वय, तळाची लांबी आणि कौशल्य पाहून तंत्रज्ञाकडूनच बसवून घ्या. तो जास्त ठेवला तर पडल्यावर बूट सुटत नाही, गुडघा मात्र पिरगळतो.

शेवटी चाचणी. स्वतःचेच बूट घाला आणि एकाच दिवशी, एकाच उतारावर प्रत्येक जोडी तीनदा उतरा: एकदा छोट्या वळणांनी, एकदा लांब वळणांनी, एकदा उताराच्या बाजूच्या उकरलेल्या बर्फातून. निघण्याआधी नखाची पाठ स्कीच्या कडेवर आडवी हलकेच ओढा. धार असेल तर नखाचा बारीक कीस निघतो, नसेल तर नख नुसतं घसरतं. भाड्याच्या बोथट जोडीवर चांगलं डिझाइनही वाईट वाटतं, तेव्हा आधी धार लावून मागा. तिसऱ्या उतरणीला मांड्या भरून आल्या आणि शेपूट वळणाच्या शेवटी अडकत राहिलं, तर त्याच रुंदीची पण मऊ शेपटाची जोडी मागून पुन्हा उतरा.