साखळीचा सेंट तपासताना कड आधी, चेहरा शेवटी

१७९३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने तांब्याचे ३६,१०३ सेंट, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या भागाची नाणी, पाडले. एका बाजूला मोकळ्या केसांची लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्याचं प्रतीक असलेली स्त्री, दुसऱ्या बाजूला १५ कड्यांची गोल साखळी, तेव्हाच्या १५ राज्यांसाठी एकेक कडी. संग्राहक याला चेन सेंट म्हणतात. साखळी हे स्वातंत्र्याला अपशकुनी चिन्ह आहे अशी टीका त्याच महिन्यात छापून आली. थोड्याच आठवड्यांत साखळी गेली आणि तिच्या जागी पानांची माळ आली. त्यामुळे हे नाणं मुळातच कमी, आणि पार झिजलेलं असलं तरी आज हजारो डॉलरला जातं. नकला निघतात त्या यामुळेच.

नाशिकमध्ये हे नाणं समोर येतं ते बहुधा ऑनलाइन जाहिरातीतून, नाहीतर जुन्या नाण्यांच्या विक्रेत्याकडच्या परदेशी नाण्यांच्या डब्यातून. हातात पडल्यावर माणूस आधी चेहरा बघतो, साल वाचतो. नकला करणाऱ्याने नेमकी तिथेच मेहनत घेतलेली असते. म्हणून क्रम उलटा ठेवा: वजन, मग कड, चेहरा शेवटी.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, सराफ वापरतात तसं १० पट मोठं दाखवणारं भिंग, एक नियोडिमियम चुंबक आणि बाजूने उजेड टाकता येईल असा टेबललॅम्प एवढं सामान पुरतं. टेबलावर जाड टॉवेल अंथरा. नाणं अंगठा आणि बोटाच्या मध्ये कडेवरच धरा. घामाचे ठसे तांब्यावर कायमचे उमटतात.

या क्रमाच्याही आधी चुंबक लावा. थोडंही ओढलं तर आत लोखंड आहे आणि पुढे काही बघायची गरज नाही. ओढलं नाही तर एवढंच कळतं की लोखंड नाही.

कायद्याने या सेंटचं वजन २०८ ग्रेन, म्हणजे १३.४८ ग्रॅम. तांब्याच्या चकत्या सोन्याचांदीइतक्या काटेकोर तोलल्या जात नसत, त्यामुळे थोडा फरक चालतो, आणि झिजेने आणखी थोडं वजन जातं. काटा १०.९ ग्रॅमच्या आसपास थांबला तर मात्र सावध व्हा. १७९५ च्या अखेरीस सेंटचं वजन १६८ ग्रेनवर, म्हणजे १०.८९ ग्रॅमवर आणलं गेलं. १७९३ सालाच्या नाण्याला ते वजन शोभत नाही. व्यास २६ ते २७ मिलिमीटर यायला हवा.

वजन जुळलं की घनता काढा. छोट्या काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाणी घ्या, ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबकळत धरा. तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. आता काटा दाखवतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागा. समजा नाणं १३.२० ग्रॅमचं आणि काट्यावर १.४८ आले, तर घनता ८.९२, म्हणजे तांबं. पितळेचं नाणं साधारण ८.४ ते ८.६ ला येईल, जस्ताचं ७.१ च्या आसपास. आकडा चुकतो तो बहुतेक वेळा अक्षरांच्या खाचेत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे, त्यामुळे घनता खरीपेक्षा कमी दिसते. नाणं पाण्यात दोनदा हळूच हलवून पुन्हा मोजा. ०.०१ चा फरक पडला तरी उत्तर ८.८६ ते ८.९८ च्या दरम्यान हलतं, म्हणून तीन वेळा मोजून सरासरी घ्या. नंतर नाणं टिपकागदावर ठेवून लगेच कोरडं करा.

सराफ बाजारात सोन्याचा कस बघण्याचं एक्स-रे यंत्र काही दुकानांत असतं. तिथे तांब्याचं प्रमाणही दिसतं, पण ते फक्त वरच्या पातळ थराचं. मुलामा दिलेलं नाणं तिथे पास होऊन जाईल. कसोटीवर घासायला किंवा कानशीने कड खरवडायला मात्र कुणालाही देऊ नका.

आता कड. या नाण्याची खरी ओळख इथे आहे. चेन सेंटच्या कडेवर वेल आणि आडव्या पट्ट्या अशी नक्षी असते, अक्षरं नसतात. कडेवर 'वन हंड्रेड फॉर अ डॉलर' लिहिलेलं असेल तर ते चेन सेंट नाही. ती अक्षरं नंतरच्या माळेच्या काही सेंटवर आणि त्यानंतरच्या, लिबर्टीसोबत टोपी दाखवणाऱ्या लिबर्टी कॅप सेंटवर आढळतात. ही नक्षी नाणं पाडण्याआधीच, नक्षी कोरलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये चकती लोळवून उमटवली जायची. त्यामुळे समोरासमोर दोन ठिकाणी नक्षीचा सांधा दिसतो. तिथे थोडी फट किंवा नक्षीवर नक्षी आलेली असू शकते, आणि तो दोष नव्हे. दिवा बाजूने धरून नाणं हळूहळू फिरवा आणि पूर्ण परीघ बघा. चेहरा गुळगुळीत झाला तरी कडेवरच्या वेलीचे तुकडे कुठेतरी टिकलेले असतात.

ओतीव नकलेत दोन साच्यांच्या मधली रेघ कडेवर येते. ती काढण्यासाठी कड घासली जाते, त्यामुळे वेल जाते आणि कडेला समांतर कानशीचे ओरखडे राहतात. जुन्या काळी वीज वापरून तांबं चढवून केलेल्या प्रतिकृतींमध्ये पुढचं आणि मागचं कवच वेगळं करून जोडलेलं असतं. त्यांच्या कडेच्या मध्यावर केसासारखी रेघ दिसते. असं नाणं बोटाच्या टोकावर तोलून लाकडी पेन्सिलीने हलकेच वाजवलं की बद्द आवाज येतो, अखंड तांब्यासारखा नाद येत नाही. जमिनीवर आपटून आवाज कधीच बघू नका.

चेहऱ्याकडे आता या. चेन सेंटच्या काठाला मण्यांची किंवा दात्यांची किनार नसते, ती माळेच्या सेंटपासून आली. लिबर्टीचं डोकं फार उथळ कोरलेलं, त्यामुळे तेच आधी झिजतं. मागची साखळी स्पष्ट आणि चेहरा पुसट अशी जोडी खऱ्या नाण्यात नेहमी दिसते. पहिल्या ठशात (ठसा म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारा कोरीव साचा) 'अमेरिका' पूर्ण न लिहिता 'अमेरि.' एवढंच आहे. आणखी एका ठशात 'लिबर्टी' हा शब्द आणि साल या दोन्हींनंतर टिंब आहे. ठसे हाताने कोरलेले, म्हणून अक्षरांमधली अंतरं प्रत्येक ठशाची वेगळी. शेल्डन क्रमांकाप्रमाणे, म्हणजे संग्राहक या सेंटच्या ठशांना देतात त्या क्रमांकाप्रमाणे, एस-१ ते एस-४ चे मोठे फोटो शेजारी उघडून अक्षर-अक्षर ताडून बघा. कुठल्याच ठशाशी जुळत नसेल तर नाणं नकली धरा.

जुळलं तरी लगेच हुरळून जाऊ नका. खऱ्या नाण्यावरून ठसा उतरवून पाडलेल्या नकलाही असतात, आणि त्यांत मूळ नाण्यावरचा ओरखडासुद्धा तसाच उतरतो. तीच खोच, त्याच जागी, दुसऱ्या जाहिरातीतल्या नाण्यावर दिसली, तर दोन्ही नाणी एकाच कारखान्यातली. भिंगाखाली सपाट भागात उठलेले बारीक गोल फोड दिसणं ही ओतीव कामाची खूण. जमिनीत गंजलेल्या खऱ्या तांब्यावर खड्डे असतात, उंचवटे नाहीत.

याच मालिकेतले १७९९ आणि १८०४ चे सेंट मिळाले तर साल नीट बघा. १७९८ चा शेवटचा ८ कोरून ९ करण्याची लबाडी फार जुनी. १८०४ च्या खऱ्या सेंटमध्ये सालातलं शून्य मागच्या 'ऑफ' या शब्दातल्या ओच्या बरोबर पाठीमागे येतं.

नजर तयार करायला महागडं काही लागत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा घ्या: यंत्राने पाडलेलं तांबं, वजन १०० ग्रेन, सहज मिळतो. सोबत चार-पाच शिवराई ठेवा. या नाण्यांचं काळवंडणं, झीज, ठशाचा दाब महिनाभर भिंगातून बघितलात की ओतीव तांबं डोळ्यांना खुपू लागतं. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. तिथला संग्रह प्रामुख्याने भारतीय, पण नाणं पाडलं कसं जातं हे समजून घ्यायला त्याहून जवळची जागा नाशिककरांना नाही. आणि तांब्याचं जुनं नाणं तांदूळ ओढतं असं सांगणारा कुणी भेटला तर तिथून सरळ निघा. ती फसवणूक आहे.

नाणं खरं वाटत असेल तर स्वच्छ करू नका. चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी, राख, काहीही नाही. आम्ल आणि घासणं मिळून दोनशे वर्षांचा तपकिरी थर काढून टाकतात, खालचं तांबं गुलाबी पडतं आणि निम्म्याहून जास्त किंमत जाऊ शकते. तेलकट मळ किंवा प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवा चिकटा असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोन घेऊन त्यात पाच मिनिटं ठेवा. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातला घ्या, नेलपॉलिश काढायचा नको. खिडकी उघडी, गॅस बंद. न पुसता हवेवर वाळू द्या. फिकट हिरवी भुकटी पुसल्यावर दोन-तीन दिवसांत परत आली तर तो क्लोराइडचा रोग आहे. ओलाव्यात आम्ल तयार होऊन तांबं आतून खात राहतं. असं नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा आणि जाणकाराला दाखवा.

इथला पावसाळा तांब्याला वाईट. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, आकडा ४० टक्क्यांच्या खाली राहू द्या, जेलचा रंग पालटला की बदला. पीव्हीसीची मऊ पाकिटं, रबरबँड, डांबरगोळ्या आणि नव्या प्लायवुडचं कपाट टाळा. रबरात गंधक असतं आणि गंधकाने तांबं काळं पडतं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेला लागून घर असेल तर गंधकाची भुकटी जिथे साठवली आहे त्या खोलीत डबा अजिबात नको.

खरेदीआधी एक कायदा लक्षात घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे इथे सुटं नाणं घेऊन नंतर अमेरिकेत प्रमाणित करून, म्हणजे तिथल्या कंपनीकडून खरेपणा तपासून घेऊन, आणू, हा बेत चालत नाही. तिकडेच प्रमाणित होऊन प्लास्टिकच्या बंद पेटीत आलेलं नाणं घ्या. पेट्याही नकली निघतात, म्हणून पेटीवरचा क्रमांक प्रमाणन कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथल्या फोटोतला एखादा ओरखडा हातातल्या नाण्यावर शोधा. लेबलवर 'डिटेल्स' लिहिलं असेल तर नाणं घासलेलं, गंजलेलं किंवा इजा झालेलं आहे, आणि भाव त्याप्रमाणे उतरायला हवा. कुरिअरच्या कागदावर साल, धातू आणि खरी किंमत लिहायला सांगा. सीमाशुल्क किती लागेल ते पैसे भरण्याआधीच कुरिअरकडून लेखी घ्या. किंमत कमी दाखवली आणि पार्सल हरवलं, तर विमाही तेवढ्याच आकड्याचा मिळतो.