राज्यात स्मृतिभ्रंश सेवांचा समन्वय कसा बसवायचा

निदान आरोग्य खात्याकडे, अर्थसाहाय्य समाजकल्याणकडे, घर सोडून भरकटलेल्या माणसाचा शोध पोलिसांकडे. जागतिक आरोग्य सभेने 2017 मध्ये मंजूर केलेल्या कृती आराखड्यात स्मृतिभ्रंशासाठी सात कार्यक्षेत्रं आहेत आणि ती सगळी एका खात्यात बसत नाहीत. म्हणून आधी पूर्णवेळ समन्वयक नेमा. अतिरिक्त कार्यभार म्हणून दिलेलं हे काम मागेच पडतं. इतर खात्यांकडून माहिती मागवण्याचा आणि बैठक बोलावण्याचा अधिकार आदेशातच लिहा. प्रत्येक खात्याचा संपर्क अधिकारी पदनामाने नेमा, नावाने नको. नाहीतर बदली झाली की दुवा तुटतो.

राज्याचा आराखडा लिहायला बसण्यापूर्वी एका रुग्णाची वाट कागदावर काढा: पहिली तक्रार कुणी ऐकली, पुढे कुठे पाठवलं, हातात काय दिलं. ही वाट बहुधा निदानानंतर लगेच तुटते. चिठ्ठीवर आजाराचं नाव आणि गोळ्या असतात, पण उद्या फोन कुणाला करायचा ते नसतं. एकच पान सगळीकडे लागू करा: आजाराचा प्रकार व टप्पा, औषधं, काळजीवाहकाचा फोन, पुढची तारीख, घराजवळची सेवा, माहिती इतर खात्यांना देण्याची संमती.

प्राथमिक केंद्रात मिनी-कॉग ही स्मृतीची छोटी चाचणी पुरते. तीन शब्द लक्षात ठेवणं आणि घड्याळ काढणं, साधारण तीन मिनिटांचं काम. पाचपैकी तीनपेक्षा कमी गुण आले तर पुढे पाठवा. मात्र हे निदान नव्हे. शाळेत न गेलेली माणसं घड्याळात अडखळतात, तेव्हा पैशांच्या व्यवहारात, रोजच्या कामात काय बदललं हे घरच्यांना विचारा. बी-12ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसर पडू शकतो, म्हणून त्यांचा विचार आधी झाला पाहिजे. आणि तज्ज्ञांच्या तारखा मिळत नसतील तर तपासणी मोहीम काढूच नका. संशय घेऊन महिनोन्महिने थांबायला लावणं हा त्या घरावर अन्याय आहे.

काळजीवाहकांच्या विसाव्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाची वेगळी नोंद, हवं, नाहीतर तो पैसा इमारती आणि प्रशिक्षणात जातो.

आढावा दर तीन महिन्यांनी घ्या. शिबिरं मोजू नका. संशयापासून निदानापर्यंत किती दिवस गेले, निदानानंतर पहिला संपर्क कधी झाला, ते मोजा. समितीत काळजीवाहक घ्या, प्रवासखर्च द्या आणि तेवढा वेळ त्यांच्या घरी रुग्णाजवळ बसायला माणूसही द्या. एवढं केलं नाही तर त्यांची खुर्ची रिकामीच राहते.