नाण्याच्या वाटेत तेल सोडू नका

शिकागोच्या मिल्स कंपनीच्या जुन्या स्लॉट मशीनमध्ये, म्हणजे नाणं टाकून हँडल ओढायच्या जुगाराच्या यंत्रात, नाणं अडकलं की हात आधी तेलाच्या स्प्रेकडे जातो. कृपा करून तो मारू नका! नाणं स्वतःच्या वजनाने घसरतं, त्यामुळे त्याची वाट कोरडीच हवी. तेलावर धूळ बसते, नाण्यांचा काळा मळ त्यात मिसळतो आणि चिकट थर तयार होतो.

आधी हँडल मूळ जागी पूर्ण परतलंय ना, ते बघा. अर्धवट ओढलेल्या यंत्रात स्प्रिंग ताणलेली असते, बोट चेमटेल. मग बॅटरीच्या उजेडात काचेमागची नाण्यांची रांग तपासा. बहुतेकदा एखादं वाकलेलं नाणंच पुढच्यांना अडवतं. ते स्क्रूड्रायव्हरने ढोसू नका, ओतीव भाग तडकतात आणि सुटे भाग सहज मिळत नाहीत. लाकडी काडीने हळूच मागे सरकवा.

नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन वाट घासा, पूर्ण वाळू द्या. घड्याळाचं तेल फक्त फिरत्या खिळींना, तेही थेंबभर. चाचणीला न झिजलेलं अमेरिकी पाच सेंटचं नाणं घ्या: व्यास २१.२१ मिमी, जाडी १.९५ मिमी.