सणासुदीच्या थंडीत प्रकृती कशी सांभाळावी

शरद ऋतू लागला की दिवस लहान होत जातात, हवा कोरडी पडू लागते आणि नेमक्या त्याच सुमारास सण, सुट्ट्या, समारंभ आणि प्रवास एकामागून एक येऊ लागतात. थंडी ओसरेपर्यंतच्या या काही महिन्यांत घरोघरी कोणी ना कोणी आजारी पडतेच, आणि त्याचे खापर बहुतेक वेळा सणाच्या दिवशी खाल्लेल्या चार जादा घासांवर फोडले जाते. माझे मत वेगळे आहे. सणाचा एक दिवस प्रकृतीचे फारसे काही बिघडवत नाही. दोन सणांच्या मधल्या साध्या दिवसांची घडी विस्कटते, आणि नुकसान तिथे होते. जागरण दुसऱ्या दिवशीही चालू राहते, उरलेले गोड चार दिवस पुरते, फिरायला जाणे 'हे सगळे आटोपले की मग' म्हणून लांबते आणि रोजची गोळी पाहुण्यांच्या गडबडीत राहून जाते. म्हणून या लेखातील बहुतेक सूचना सणाच्या दिवसासाठी नाहीत, मधल्या दिवसांसाठी आहेत.

वजनाचेच उदाहरण घेऊ. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात 2000 साली अमेरिकेतील 195 प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतच्या सुट्ट्यांच्या काळात त्यांचे वजन सरासरी फक्त 0.37 किलोने वाढले होते. आकडा किरकोळ आहे, पण पुढच्या वसंतात आणि उन्हाळ्यातही ही वाढ उतरली नाही, हा त्या अभ्यासातला खरा महत्त्वाचा भाग आहे. दरवर्षी थोडे थोडे साठत गेलेले हे वजन काही वर्षांनी रक्तदाब आणि मधुमेहाच्या रूपाने समोर येते.

हंगामाच्या आधी करायची कामे

फ्लूची लस घ्यायची असेल तर घरात कोणी खोकू लागेपर्यंत थांबू नये, कारण लस टोचल्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलत असतो, त्यामुळे लसीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धांसाठी स्वतंत्रपणे, करते. मागच्या वर्षीच्या लसीवर या वर्षी विसंबून राहता येत नाही ते यामुळेच. वयोवृद्ध माणसे, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले रुग्ण यांनी याबाबत आपल्या डॉक्टरांशी आवर्जून बोलावे. लस घेतल्यावर फ्लू होणारच नाही असे नाही, पण तो गंभीर होण्याची शक्यता बरीच कमी होते.

त्याच भेटीत रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी, आणि नेहमीच्या औषधांचा साठा सुट्ट्या संपून पुढे आठवडाभर पुरेल इतका करून ठेवावा. सुट्टीच्या दिवसांत दवाखाना आणि औषधांचे दुकान दोन्ही बंद असल्यावर होणारी धावपळ ज्याने अनुभवली आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

बंद खिडक्या आणि भरलेले घर

थंडीत सर्दी होते ती केवळ गारठ्यामुळे नव्हे. कोरड्या, गार हवेत फ्लूचा विषाणू अधिक काळ तग धरतो, नाकातील ओलसर आवरण सुकून त्याची जंतू बाहेर लोटण्याची क्षमता मंदावते, आणि थंडी आत येऊ नये म्हणून आपण दारे-खिडक्या बंद करून एकाच खोलीत दाटीने बसतो. यातली हवामानाची बाजू आपल्या हातात नाही, खोलीची आहे. पाहुणे बसलेले असताना समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात, आणि तेवढे जमत नसेल तर दर तासाला दहा मिनिटे तरी हवा खेळती करावी. अंगावर एक कपडा जास्त चढवणे हे कोंदट खोलीत तीन तास काढण्यापेक्षा केव्हाही चांगले.

हात साबणाने किमान 20 सेकंद धुवावेत, विशेषतः बाहेरून आल्यावर आणि जेवणापूर्वी. बाटलीतल्या जंतुनाशक द्रवाने हे काम बऱ्याच अंशी भागते, मात्र त्यात निदान 60 टक्के अल्कोहोल असायला हवे. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर मात्र तो द्रव फारसा चालत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच लागते. ज्याला असा त्रास झाला आहे त्याने उलट्या-जुलाब थांबल्यानंतरही पुढचे 48 तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये किंवा वाढू नये, मग घरात कितीही माणसे जेवायची असोत.

सर्वांत अवघड सूचना म्हणजे आजारी असताना समारंभाला न जाणे. फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून आणि त्यानंतर साधारण पाच ते सात दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतो. 'थोडीशी कणकण आहे, पण गेलो नाही तर वाईट दिसेल' असे म्हणून आपण जातो, आणि घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजींच्या शेजारी बसून जेवतो. आपल्याला जी चार दिवसांची सर्दी वाटते, ती त्यांच्यासाठी न्यूमोनिया ठरू शकते. फोन करून स्पष्ट सांगावे, आणि कोणी असे सांगितले तर यजमानांनीही मनाला लावून घेऊ नये. जाणे टाळता येण्यासारखे नसेलच तर मास्क लावावा, लांब बसावे आणि लवकर निघावे.

ताटावर बसण्याआधी आणि नंतर

संध्याकाळी मेजवानी आहे म्हणून दिवसभर उपाशी राहण्याची सवय बऱ्याच जणांना असते. ही सवय सोडावी, कारण कडकडीत भुकेने ताटावर बसलेला माणूस भराभर खातो आणि पोट भरल्याची जाणीव होईपर्यंत गरजेपेक्षा बरेच जास्त खाऊन बसतो. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी तर असा उपास धोक्याचा आहे. त्यांची साखर एकदम उतरू शकते. सकाळ-दुपारचे जेवण नेहमीसारखे, थोडे हलके घ्यावे. मेजवानीत आधी भाज्या आणि प्रथिनांचे पदार्थ वाढून घ्यावेत, गोड शेवटी आणि आवडीचे एखादेच घ्यावे, पण ते चवीने, निवांत खावे. आवडत नसलेला पदार्थ केवळ समोर आला म्हणून खाण्याचे काही कारण नाही.

मिठाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि पाकीटबंद खारे पदार्थ, सॉस व तयार सूप यांच्या मदतीने ही मर्यादा दुपारपर्यंतच ओलांडली जाते. रक्तदाब असलेल्यांनी गोडाइतकीच या पदार्थांवरही नजर ठेवावी.

मद्याने ऊब येते हा समज घातक आहे. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे अंग गरम वाटते, पण प्रत्यक्षात शरीरातील उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते. शिवाय एका बैठकीत बेसुमार मद्यपान केल्यावर निरोगी माणसाच्याही हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. सुट्ट्यांच्या दिवसांत असे रुग्ण वाढतात म्हणून 1978 साली या प्रकाराला 'हॉलिडे हार्ट सिंड्रोम' असे नाव दिले गेले.

पाहुणे गेल्यानंतरचे स्वयंपाकघर

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. शेवटचे पाहुणे गेले, सगळे थकून बसले आहेत आणि ओट्यावर मोठे पातेले झाकून ठेवलेले आहे. झाकणाला हात लावला तर ते अजून कोमट लागते, आणि 'गार झाले की फ्रिजमध्ये ठेवू' असे म्हणत सगळे झोपायला जातात. पोट बिघडण्याची सुरुवात इथे होते. जिवाणूंची वाढ 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात सर्वांत झपाट्याने होते, आणि झाकलेल्या खोल पातेल्याचा मधला भाग रात्रभर नेमका याच पट्ट्यात राहतो. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त वेळ राहू देऊ नये. ते तसेच पातेल्यासकट फ्रिजमध्ये ढकलणे हाही उपाय नव्हे, कारण मोठा ऐवज आतून गार व्हायला फार वेळ घेतो. तीन-चार उथळ, पसरट डब्यांत अन्न थोडे थोडे काढावे; वाफ निघून गेली की झाकणे लावून डबे एकमेकांपासून जरा अंतरावर फ्रिजमध्ये ठेवावेत. हे काम दहा मिनिटांचे आहे, आणि ते पाहुणे असतानाच कोणाच्या तरी नावावर लावून द्यावे.

उरलेले अन्न तीन-चार दिवसांत संपवावे. खायच्या वेळी लागेल तेवढेच बाहेर काढून ते आतपर्यंत चांगले वाफाळेल असे तापवावे. उकळले की सगळे शुद्ध होते असे मात्र समजू नये. काही जिवाणूंनी आधीच तयार केलेले विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही.

झोप, उजेड आणि चालणे

प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. एखाद्या रात्री जागरण झाले तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळत पडण्याऐवजी उठण्याची वेळ फार तर तासाभराने पुढे न्यावी आणि त्या रात्री लवकर झोपावे. शरीराचे घड्याळ उठण्याच्या वेळेवर आणि सकाळच्या उजेडावर लावले जाते. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट प्रखर असतो, म्हणून सकाळी अर्धा तास बाहेर चालणे हे झोप, मन आणि सांधे अशा तिन्हींच्या कामी येते.

आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम असावा. सणाच्या आठवड्यात ते एकगठ्ठा जमणार नाही, तेव्हा त्याचे तुकडे करावेत: जेवणानंतर पंधरा मिनिटे सगळ्यांनी मिळून पायी फिरून यावे, सामान आणायला चालत जावे. जेवणानंतरच्या अशा चालण्याने रक्तातील साखरही कमी चढते.

थंडी, छातीतली कळ आणि शेगडी

काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका मेजवानीनंतर काकांच्या छातीत जडपणा आला, कपाळावर घाम आला आणि डावा खांदा भरून आला. जेवण जड झाले, पित्त झाले असेल, असे आम्ही सगळेच म्हणालो आणि सकाळपर्यंत वाट पाहिली. तो हृदयविकाराचा झटका होता. काका वाचले, पण त्या रात्री गमावलेल्या तासांची किंमत त्यांच्या हृदयाचा स्नायू आजही मोजतो आहे.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. त्यात भरपेट जेवण, दगदग आणि मनावरचा ताण यांची भर पडते. स्वीडनमध्ये 1998 ते 2013 या काळातील हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली असता, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी झटक्याचा धोका नेहमीपेक्षा 37 टक्क्यांनी अधिक आढळला, आणि तो रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक होता. छातीत दडपण, हात, खांदा किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम किंवा अकारण धाप यांपैकी काहीही जाणवले तर सणाचा विचार न करता लगेच रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता केवळ मळमळ किंवा विलक्षण थकवा येऊ शकतो, हेही लक्षात असू द्यावे.

खोली गरम ठेवण्यासाठी बंद दारांआड कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागणे, चक्कर आणि मळमळ एकाच वेळी घरातल्या अनेकांना झाली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर ती साथ नव्हे, हा वायू समजावा. सर्वांना तत्काळ उघड्यावर न्यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

प्रवासाबद्दल दोनच गोष्टी: औषधे नेहमी हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत (इन्शुलिन विमानाच्या सामानकक्षात गोठून निकामी होऊ शकते), आणि चार तासांहून लांबचा बैठा प्रवास असेल तर मधून मधून उठून चालावे, कारण पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्यानंतर वाढतो.

मन जड होते तेव्हा

सगळीकडे आनंद दिसत असताना ज्यांचे माणूस नुकतेच गेले आहे किंवा जे एकटे राहतात, त्यांना हे दिवस विशेष जड जातात. दिवस लहान झाल्यावर काहींना दरवर्षी ठरावीक काळात नैराश्य येते, आणि हा उपचार होऊ शकणारा आजार आहे. उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक बदलली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. आणि आपण बरे असलो तर अशा एखाद्या परिचिताकडे तासभर जाऊन बसावे. सगळ्या समारंभांपेक्षा त्या तासाचे मोल मला अधिक वाटते.

तरीही आजारी पडलो तर

साध्या सर्दी-फ्लूवर प्रतिजैविके चालत नाहीत, कारण ती जिवाणूंवरची औषधे आहेत, विषाणूंवरची नव्हेत. मागच्या वेळची उरलेली गोळी घेऊ नये. विश्रांती, भरपूर पाणी आणि तापासाठी पॅरासिटॅमॉल एवढ्यावर बहुतेकांचे भागते. मात्र सर्दीच्या तयार गोळ्यांमध्येही बहुधा पॅरासिटॅमॉल असते, तेव्हा दोन्ही एकत्र घेण्यापूर्वी पाकीट वाचावे. जास्त मात्रेने यकृताला इजा होते. रक्तदाब असलेल्यांनी नाक मोकळे करणारी औषधे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, आणि एक वर्षाखालील बाळाला खोकल्यासाठी मध चाटवू नये.

श्वास लागणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे होणे, ओठ निळसर पडणे किंवा लघवी फारच कमी होणे ही लक्षणे दिसली तर घरी थांबू नये. ताप उतरून बरे वाटू लागले आणि दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा जोरात चढला, तर अनेकदा फ्लूच्या पाठोपाठ झालेला न्यूमोनिया असतो. त्या रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.