सायकॉलॉजीत ऑनर्सचा प्रबंध करायचाय? आधी 'परिणाम' हा शब्द खोडा

दरवर्षी जूनमध्ये एकच विषय वेगवेगळ्या हस्ताक्षरांत माझ्या टेबलावर येतो: 'मोबाइलचा तरुणांच्या मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम'. मी पेन्सिलीने तीन ठिकाणी रेघ ओढते. कुठले तरुण? मानसिक आरोग्य म्हणजे नेमकं काय मोजणार? आणि 'परिणाम' कशावरून? प्रश्नावली एकदाच भरून घेतली, तर दोन गोष्टी बरोबरीने वाढतात का, एवढंच कळतं. झोप येत नाही म्हणून पोरगी मोबाइल बघत बसते, असंही असेल की! एकीने हाच विषय आवळत आवळत 'हॉस्टेलमधल्या मुलींचा रात्री अकरानंतरचा मोबाइल-वापर आणि जाणवणारा ताण यांतला सहसंबंध' इथवर आणला. ऐकायला रुक्ष, पण वर्षात पुरा होणारा.

नियमांचं थोडक्यात. चार वर्षांच्या पदवीत 'ऑनर्स विथ रिसर्च' हवं असेल, तर यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के लागतात. चौथ्या वर्षातला प्रबंध 12 क्रेडिटचा. म्हणून गाईड सहाव्या सेमिस्टरलाच गाठा. "मॅडम, विषय द्या ना" म्हणत येऊ नका. तीन पेपर वाचा, प्रत्येकावर पाच ओळी लिहा आणि तो कागद घेऊन या.

स्वतःची प्रश्नावली बनवायचा मोह सगळ्यांनाच होतो. नका बनवू. चांगली मापनी तयार करणं हाच एक वेगळा प्रबंध आहे. ताणासाठी 'पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल' आहे: दहा प्रश्न, गुण 0 ते 40. कुठलीही मापनी घ्या, पण वापराची परवानगी लागते का आणि मराठी रूप आधीच झालंय का, हे पाहून घ्या. नसेल तर एकाने मराठी करायचं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं. हे कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. या स्केलमध्ये 'ऑन टॉप ऑफ थिंग्ज' असा शब्दप्रयोग आहे. आमच्या हॉस्टेलवाल्या विद्यार्थिनीने लिहिलं, 'आपण सगळ्यांच्या वर आहोत असं किती वेळा वाटलं?' उलट भाषांतरात तो थेट गर्वाचा प्रश्न होऊन आला! शेवटी 'सगळं आपल्या आवाक्यात आहे' वर गाडी थांबली. मग पाच जणींना प्रश्न मोठ्याने वाचायला लावून "तुला यातून काय समजलं?" असं विचारलं. आणखी दोन प्रश्न बदलावे लागले.

सॅम्पल किती? "शंभर घेऊ, गोल आकडा आहे" हे कारण होत नाही. सॅम्पल किती लागेल ते काढून देणारं 'जी-पॉवर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. 0.30 इतका सहसंबंध 80 टक्के पॉवरने पकडायचा असेल (म्हणजे तो खरंच असेल, तर शंभरातल्या ऐंशी वेळा सापडावा), तर ते 84 जण सांगतं. फॉर्म त्याहून जास्त वाटा, कारण काही परत येत नाहीत आणि काही अर्धवट येतात.

एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही फॉर्म वाटू नका. अठराच्या आतल्या मुलांना घेणार असाल, तर पालकांची संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. नैराश्याच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न असेल आणि कोणी 'हो' म्हणालं, तर त्याच दिवशी तुम्ही काय करणार, हे आधी लिहून काढा. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फॉर्मवर छापा, पण नुसता नंबर छापून जबाबदारी संपत नाही. कॉलेजचा समुपदेशक कोण, हे ठरलेलं हवं.

आता माझी फजिती. एम.ए.च्या प्रोजेक्टला मी हेच ताणाचं स्केल वापरलं आणि माझा अल्फा, म्हणजे मापनीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, 0.21 आला, फारच कमी. दोन दिवस मी फॉर्म भरणाऱ्या मुलींनाच दोष देत होते. मग मैत्रिणीने विचारलं, "उलटे प्रश्न उलटवलेस का?" या स्केलमध्ये 4, 5, 7 आणि 8 हे प्रश्न उलट गुणांचे, म्हणजे त्यांत मोठा आकडा कमी ताण दाखवतो, म्हणून बेरजेआधी तो उलटवावा लागतो. मी सगळे सरसकट बेरजेत घेतले होते. तेव्हापासून मूळ एक्सेलला कोणी हात लावायचा नाही. गुण उलटवायचे ते कॉपीत, वेगळ्या रकान्यात. विश्लेषणाला जमोवी हे सॉफ्टवेअर पुरतं. तेही फुकट.

पद्धतीचं प्रकरण डेटा गोळा करतानाच लिहा, नंतर निम्मं आठवत नाही. सहसंबंध आला नाही तर तसंच लिहा. गृहीतक मागाहून बदललेलं चाणाक्ष परीक्षकाला कळतं.

आणि व्हायवात हमखास विचारतात: वाटले किती, वगळले किती, का? हॉस्टेलवाल्या मुलीने वहीत तारखेसह नोंद ठेवली होती. 103 वाटले, 91 परत आले, 4 अर्धवट, हिशेबात 87. न आलेल्या बारांपैकी तीन भरलेले फॉर्म रेक्टरबाईंच्या टेबलावर उघडे सापडले. ते तिने वापरले नाहीत. त्या तिघींना जाऊन सांगितलं, कमिटीला कळवलं. आता आमच्याकडे फॉर्म कुलूपबंद पेटीतच टाकतात आणि किल्ली गाईडकडे असते.